ग्रामपंचायतीतला फायबर गावात कसा उतरवायचा

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ग्रामपंचायत कार्यालयात भिंतीवर एक पेटी लागलेली आहे. फायबर तिच्यात येऊन थांबतो. 2011 साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून मंजूर झालेली आणि पुढे भारतनेट म्हणवली गेलेली योजना, आपल्या राज्याचं महानेट, या सगळ्यांचं काम त्या पेटीपाशी संपतं. कागदावर तिथे गाव 'जोडलं' जातं. पण संध्याकाळी कार्यालयाला कुलूप लागतं, बिल वाचावं म्हणून शिपाई मेन स्विच पाडून जातो, आणि कास्तकार वावरातून घरी येतो नेमकं तेव्हाच इंटरनेट बंद. म्हणून आज बोलायचं ते पेटीच्या अलीकडच्या पाचशे मीटरबद्दल.

आधी फायबर. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या एक्स्चेंजपासून ग्रामपंचायतींकडे केबल बहुतेक सरळ रेषेत गेली. रस्ता रुंद करताना जेसीबीने ती एका ठिकाणी तोडली की पुढची सगळी गावं बंद. 2023 मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात रिंग पद्धत आहे, म्हणजे एक बाजू तुटली तर दुसऱ्या बाजूने वाट मिळते. ती रिंग तुमच्या तालुक्यात प्रत्यक्ष पूर्ण झाली का, हे सरपंचांनी लेखी विचारून घ्यावं.

पेटीवरचे दिवे वाचायला गावात दोघांना तरी यायला हवेत. एकही दिवा नाही, तर बहुतेक वेळा बारा व्होल्टचा अडॅप्टर गेलेला असतो; लाईन कमी-जास्त झाली की पहिला बळी त्याचाच, म्हणून एक जास्तीचा कपाटात ठेवा. 'लॉस' लाल लुकलुकतो, तर प्रकाशच येत नाही: केबल तुटली किंवा कनेक्टर निघाला. 'पॉन' स्थिर हिरवा आहे आणि तरी इंटरनेट नाही, तर गावातली केबल खोदत बसू नका, दोष वर आहे किंवा बिल थकलंय. पेटी बसवली त्याच दिवशी तिच्या सेटिंगच्या पानावरचा प्रकाशाचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. साधारण उणे 15 ते उणे 25 डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप) चांगला, उणे 27 च्या खाली पेटी तग धरत नाही. पुढे कधी तो तीनने घसरलेला दिसला तर प्रकाश निम्मा झाला असं समजा. कुठेतरी केबल करकचून वाकली आहे किंवा कनेक्टरच्या टोकावर धूळ आहे. तेव्हाच तक्रार केली तर पूर्ण बंद पडण्याआधी काम होतं.

आता विजेचं, कारण विदर्भात फायबरपेक्षा लाईनच जास्त दगा देते. पेटीला दहा-बारा वॅट लागतात. चौकात, शाळेजवळ आणि दवाखान्याजवळ मिळून तीन वायफाय लावले तर एकूण पंचेचाळीस वॅट धरा. महिन्याला तीस-बत्तीस युनिट. पुष्कळ ठिकाणी सात अँपिअर-तासाची छोटी बॅटरी जोडून मोकळे होतात. तिच्यात चौऱ्याऐंशी वॅट-तास असतात आणि शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, म्हणजे हा संच तासभरही चालत नाही. सहा तास हवे असतील तर बारा व्होल्टची किमान पंचेचाळीस अँपिअर-तासाची बॅटरी घ्या. ती टिनाच्या खोलीत ठेवू नका. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि मे महिन्यात अमरावती-चंद्रपूरकडे बाहेरच पंचेचाळीस असतात. जाड भिंतीची, उत्तरेकडची खोली शोधा. छतावरच्या वायफायपासून खाली येणारी तांब्याची केबल शील्ड असलेली घ्या, तिला सर्ज प्रोटेक्टर (विजेचा झटका अडवणारा) लावा आणि खरं अर्थिंग करा. हे वाचवलेले पैसे पहिल्याच वळवाच्या विजेत जातात.

वायफाय उंच खांबावर एकच मोठा लावायचा मोह सगळ्यांना होतो. मोबाईलमध्ये सिग्नल भरलेला दिसतो, पण पान उघडत नाही, कारण खांबाचा आवाज मोबाईलपर्यंत पोचतो आणि मोबाईलचा क्षीण आवाज खांबापर्यंत पोचत नाही. त्यापेक्षा शंभर-शंभर मीटरवर लहान वायफाय लावा.

पाड्यापर्यंत फायबर नेणं परवडत नसेल तर पाच गिगाहर्ट्झची रेडिओ लिंक टाकता येते. 2018 पासून त्या पट्ट्याला परवाना लागत नाही, शक्तीची मर्यादा तेवढी पाळायची. पाच किलोमीटरच्या लिंकला नुसतं समोरचं टोक दिसून भागत नाही. मध्यावर नजरेच्या रेषेखालीही पाचेक मीटर मोकळी जागा हवी. मेळघाटात, गडचिरोलीत इथेच फसगत होते. पाहणी मार्च-एप्रिलमध्ये होते, तेव्हा साग निष्पर्ण असतो आणि लिंक झकास चालते. पाऊस पडतो, सागाला परातीएवढी ओली पानं येतात आणि लिंक गळते. पाहणी ऑगस्टमध्ये करा, नाहीतर झाडाच्या पुढच्या वाढीसकट उंची धरा. मेळघाटातलं हरिसाल 2016 मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं. तिकडे बघून जे आपल्या पाड्यात करू पाहतात त्यांनी आधी सागाचा विचार करावा.

हे सगळं कशासाठी? पहिलं काम असं निवडा की ज्यात कास्तकाराचा थेट पैसा आहे. कापूस घ्या. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये ठरला, पण सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) माल द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आणि तारखेचं बुकिंग लागतं, आणि पेऱ्याची नोंद धड नसेल तर तिथे अडकायला होतं. ती नोंद ज्यात होते त्या ई-पीक पाहणीचा फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, पण अपलोड नंतर नेटवर्कमध्ये आल्यावर करता येतो. म्हणजे वावरात टॉवर नसला तरी चौकातलं वायफाय पुरतं. हीच गोष्ट रोजगार हमीच्या हजेरीची. 2023 पासून ती मोबाईलवर फोटोसह लागते. मेटने (हजेरी घेणाऱ्या मुकादमाने) संध्याकाळी गावात येऊन अपलोड केलं नाही तर मजुरी अडते. मात्र सीसीआय बारा टक्क्यांच्या वर ओलावा असलेला कापूस घेत नाही, तिथे इंटरनेट काही करू शकत नाही.

उपकेंद्रातल्या ई-संजीवनीला (व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला) दोन्ही दिशांनी एक-दीड एमबीपीएस पुरतात. अडचण वेगाची कमी आणि तुटण्याची जास्त, म्हणून बॅटरीवर तिचा पहिला हक्क ठेवा.

पैशांचं गणित सांगतो. समजा चाळीस घरं महिन्याला दीडशे रुपये देतात, सहा हजार झाले. एका वेळी दहा जण व्हिडिओ बघत असतील तर चाळीस एमबीपीएस. शंभर एमबीपीएसची जोडणी पुरते. घरगुती जोडणीवर पैसे घेऊन वायफाय विकणं नियमात बसत नाही. त्यासाठी 2020 ची पीएम-वाणी योजना आहे. गावातला दुकानदार किंवा बचत गट 'पीडीओ' (सार्वजनिक वायफाय विकणारं केंद्र) होतो, त्याला परवाना लागत नाही, हिशेब आणि ओळख तपासणी एग्रीगेटर (अनेक पीडीओंना जोडणारी कंपनी) बघतो. पीडीओला महागडी लीज लाईन (राखीव जोडणी) घ्यायला लावत असतील तर जून 2025 चा ट्रायचा (दूरसंचार नियामकाचा) आदेश दाखवा: दोनशे एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येत नाही.

बॅटरी, केबल, अर्थिंग हे ग्रामपंचायत विकास आराखड्यात घ्या. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून हे बसतं. पगार त्यातून देता येत नाही. म्हणून दिवे बघणाऱ्या, कुलूप उघडणाऱ्या आणि पावसात खांबावर चढणाऱ्या पोराचा महिना त्या सहा हजारांतूनच आधी बाजूला काढा, जोडणीचं बिल त्यानंतर.