कुलूप म्हातारं झालं की तारेनं उघडतं का?

नमस्कार मंडळी, सांगलीतून बोलतोय. मागच्या व्हिडिओखाली तुम्ही फिरून फिरून एकच विचारताय. "दादा, आमचं लॅच वीस वर्षांचं आहे, चोराला सोपं जाईल का?"

मूळ रचना पटकन सांगतो. लॅचच्या कुलपात बहुधा पाच किंवा सहा पिना असतात, पितळेच्या. प्रत्येक पिनेचे दोन तुकडे आणि वर स्प्रिंग. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पिनांचे सांधे एका रेषेत येतात आणि आतला गाभा फिरतो. येल नावाच्या अमेरिकन कारागिरानं १८६०च्या दशकात बसवलेली ही रचना आजही तशीच चालते.

आता मुद्द्याचं. कारखान्यात पिनांची भोकं कितीही नीट पाडली तरी केसाएवढा फरक राहतोच. त्यामुळे गाभ्यावर जोर दिला की आधी एक पीन अडकते, मग दुसरी. तारेनं कुलूप उघडणारा याच फरकावर काम करतो. वर्षानुवर्षं किल्ली घासून पिनांची टोकं गोल होतात, भोकं सैल पडतात. मग पीन नेमक्या उंचीवर यावी लागत नाही, आसपास आली तरी गाभा फिरतो. म्हणून हो, झिजलेलं कुलूप सोपं जातं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये, विश्रामबागला, शेजारच्या काकू अंधारात चुकून आमच्या दाराशी आल्या आणि त्यांच्या किल्लीनं आमचं लॅच उघडलं! दोन्ही कुलपं एकाच कंपनीची, दोन्ही जुनी. आई आतून कोण म्हणून ओरडली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पण नेहमी असंच होतं असं नाही. २०१९च्या महापुरात गावभागातल्या कितीतरी दारांत कृष्णेचा गाळ शिरला. गाळानं स्प्रिंगा चिकटतात, पिना हलत नाहीत. तिथं तार घालणाऱ्याला आत काय चाललंय ते कळत नाही, पण घरमालकाचीही किल्ली फिरत नाही. तेव्हा खोबरेल तेल ओतू नका. तेलाला धूळ धरते आणि लगदा होतो. ग्राफाइटची पूड घाला.

आता ज्यासाठी मी आज कॅमेरा लावला ते. झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढू नका. कुलपाइतकीच किल्लीही झिजते, उंचवटे आधी जातात. मशीन तुमच्या हातातल्या किल्लीचीच नक्कल करतं, त्यात झिजही आली. पुढच्या वर्षी त्या नकलेवरून दुसरी काढता, म्हणजे चुकीत आणखी चूक.

एकानं लिहिलंय, "दादा, माझी डुप्लिकेट हलवून हलवून लागते, चालतंय की." नाही चालत! तुम्ही हलवता तेव्हा पिना वेड्यावाकड्या घासल्या जातात. रोज चार वेळा दार उघडलं तर वर्षाला जवळजवळ दीड हजार वेळा तुम्ही स्वतःच्या हातानं ते कुलूप सैल करता.

आणि किल्लीवाल्याच्या बाजूनं बघा. त्याला माहीत नाही तुमची किल्ली मुळात किती उंच होती. त्याला दोष देऊन काय उपयोग? कुलूप घेताना आलेली न वापरलेली किल्ली जपून ठेवा, दर वेळी तिच्यावरूनच काढा. किल्लीवर किंवा सोबतच्या कार्डावर नंबर असेल तर काही कंपन्या त्यावरून मूळ मापाची किल्ली देतात.

आणखी एक, कळकळीनं सांगतो. किल्लीचे फोटो कमेंटमध्ये टाकू नका. फोटोवरून किल्ली कापता येते. मला दिसले तेवढे मी काढलेत.

तसं पेपरात रोज वाचतो आपण, "बंद घराचा कडीकोयंडा उचकटून". बहुतेक चोर तार घालत बसत नाहीत. त्यामुळे वीस वर्षांचं लॅच बदलाल तेव्हा कोयंड्याचे स्क्रूही बघा. आमचे अर्ध्या इंचाचे निघाले, तेही कुजलेल्या लाकडात. आता चौकटीचं लाकूड बदलून दोन इंची बसवलेत. नवीन लॅचची एक किल्ली आईनं देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलीय, तिला कुणी हात लावायचा नाही.