आजीला चालत नाही

मंडळी, नमस्कार. कार्यवाहांनी मला विषय दिला 'समाजसुधारक आणि त्यांचा लढा' आणि वेळ दिली जेवणाआधीची. म्हणजे गुळपोळीचा वास घेत मी बोलायचं आणि तुम्ही घड्याळ बघायचं.

मी जुनंच भाषण काढून ठेवलं होतं. 'महाराष्ट्र ही सुधारकांची भूमी' असं सुरू होणारं. सहा वर्षांपूर्वी ते याच हॉलमध्ये केलं होतं. तुम्हाला आठवत नसणार याची खात्री होती, कारण मलाही आठवत नव्हतं. पण गेल्या शनिवारनंतर ते वाचवेना.

त्या दिवशी आपल्यातल्याच एका घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. माझी आई सहा महिन्यांसाठी भारतातून इथे अमेरिकेत आलीय. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. आम्ही पुरुष नेहमीसारखे बेसमेंटमध्ये, बायका वर. आई आपणहून किचनमध्ये गेली आणि पुड्यांत तिळगूळ भरत बसली. माझी नऊ वर्षांची लेक तिच्या मागोमाग. "आजी, तू नाही कुंकू लावून घेत?" आई म्हणाली, "मला चालत नाही गं."

आता या पोरीच्या वर्गात शेंगदाणा न चालणारी मुलं आहेत. तिने क्षणभर विचार केला, बाहेर गेली आणि भर बैठकीत जाहीर केलं, "आजीला हळदीची अ‍ॅलर्जी आहे!"

दुसऱ्या दिवशी यजमानीणबाईंचा फोन. बिचारी घाबरलेली. "अहो, काकूंनी आमटी खाल्ली की! त्यात हळद होती!"

हसा, मीही हसलो. रात्री मात्र घरात वाजलं. बायको म्हणाली, "मी दोनदा बोलवायला गेले, त्या उठल्या नाहीत." मी म्हटलं, "तिसऱ्यांदा जायचंस." ती म्हणाली, "आणि तू कुठे होतास?" मी कॅरम खेळत होतो, मंडळी. पण मधे भजी आणायला वर गेलो होतो, तेव्हा आई किचनमध्ये बसलेली मला दिसली होती. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. चला, अवघडलेपणा टळला.

म्हणून आज बाकीचे सुधारक बाजूला ठेवतो आणि एकट्या अण्णा कर्व्यांबद्दल, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्व्यांबद्दल, बोलतो. शाळेत त्यांच्यावर मी वक्तृत्वात बक्षीस मिळवलंय. हातवारे करून. १८९३ साली फर्ग्युसनमधल्या या गणिताच्या प्राध्यापकाने गोदूबाईंशी, म्हणजे आपल्या मित्राच्या विधवा बहिणीशी, लग्न केलं. दापोलीजवळच्या त्यांच्या मुरुडने बहिष्कार घातला. भावाने घरात घेतलं तर त्यालाही वाळीत टाकू, अशी तंबी दिली. इथवर माझ्या भाषणात होतं. टाळ्या इथेच पडायच्या.

त्याच वर्षी त्यांनी 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' काढली. दोन वर्षांनी तिचं नाव बदललं: 'विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी'. हा शब्द एका दमात म्हणता येतो म्हणून तर मला बक्षीस होतं. अर्थ यंदा कळला. उत्तेजन द्यायला नको, नुसती आडवी आलेली माणसं बाजूला झाली तरी पुरे. आडवं येणारा दर वेळी दांडगाच असतो असं नाही. एखादा भज्यांची प्लेट घेऊन जिन्यात उभा असतो.

आणि अण्णांनाही सगळं साधलं असं नाही. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. जागा रावबहादूर गोखल्यांनी दिलेली. कॉलेज सुटलं की अण्णा पुण्याहून तिथे पायी जायचे. पण लोक बिथरू नयेत म्हणून आश्रमात पुनर्विवाहाचा विषय काढायचा नाही, असं धोरण ठेवलं. त्यामुळे झालं असं की, ज्यांच्याशी लग्न करून अण्णांनी समाजाचा रोष ओढवून घेतला, त्या बाया कर्व्यांनाच, पुनर्विवाहित म्हणून, तिथे मोकळेपणाने वावरता येईना. बायांचं आत्मचरित्र 'माझे पुराण' वाचा. नवऱ्याचं कौतुक त्यात आहे, पण बाई काही गिळून बसलेली नाही.

बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले. तीही विधवा, पदरात एक मुलगा. आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडली. लोकांनी ऐकून घ्यावं म्हणून कित्येक वर्षं केशवपन तसंच ठेवलं. मग एक दिवस ठरवून सोडलं. आणि १९१८ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, जेमतेम इंग्रजीच्या जोरावर ही देवरुखची बाई एकटी इथे, अमेरिकेत आली. लोकांच्या घरी घरकाम केलं, भाषा शिकली, हिंगण्यासाठी पैसे गोळा केले. आपण इथे आलो तेव्हा आपल्या बॅगेत प्रेशर कुकर होता आणि विमानतळावर घ्यायला कुणाचा तरी मामेभाऊ. तरी 'स्ट्रगल' हा शब्द आपण किती सहज वापरतो!

आता थोडं रागवतो. मुरुडकरांना नावं ठेवणं सोपं आहे. आपल्या मंडळाच्या निमंत्रणावर काय छापलेलं असतं? 'हळदीकुंकू, फक्त सुवासिनींसाठी.' अकरा वर्षं कार्यवाह असताना ते मीच छापलं. मागच्या वर्षीचं उघडायचं, तारीख बदलायची, पाठवायचं. (बॅनरही मीच करायचो. एका वर्षी आगरकरांच्या नावाखाली गोपाळ कृष्ण गोखल्यांचा फोटो गेला आणि कार्यक्रम संपेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. दोघांनाही पगडी.) मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव करून टाकला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. पाठोपाठ सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. आपण ती बातमी ग्रुपवर टाकली, वर हात जोडलेले टाकले, आणि जानेवारीत पुन्हा मागच्या वर्षीचंच निमंत्रण उघडलं.

कोणी म्हणेल, आईलाच नको असेल तर? मीही तेच म्हणतो, रोज. हाताला धरून तिला कुंकू लावणं म्हणजे सुधारणा का? माझी हौस झाली ती. आणि तिला नको आहे की नको म्हणायची सवय लागली आहे, हे मी तिला कसं विचारू? चार वर्षांत विचारलं नाही. परवा एकदा तोंड उघडलं आणि "आई, चहा घेतेस?" एवढंच बाहेर आलं.

येत्या शनिवारी हळदीकुंकू आमच्याकडे आहे. सगळ्यांनी यायचं. या वेळी निमंत्रणात ती ओळ नाही, इतकं मी केलंय. बायकोने विचारलं, "आणि आईंचं काय?" मी म्हटलं, "बघू."

काल संध्याकाळी फ्रिजवर एक कागद दिसला. वर्गात लावतात तसा, पाहुण्यांना कळावं म्हणून लेकीने लिहिलेला. वेड्यावाकड्या देवनागरीत: 'आजीला चालत नाही: १. हळद २. कुंकू.' आईने चष्मा लावून तो वाचला. खूप हसली. मग म्हणाली, "गजरा राहिला गं."

लेक पेन्सिल घेऊन माझ्याकडे आली. "बाबा, 'ज' कसा काढतात?"

मी काढून दिला.