आमची रोजची भाकर

[पहाट. अंधारात चुलीचा उजेड. आधी फक्त आवाज.]

हा काटवटीत भाकर थापल्याचा आवाज. धप, धप, धप. नवापूर तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर दिवस या आवाजानेच उजाडतो. ज्वारीचं पीठ, कढत पाणी आणि हाताला बसलेली सवय. तव्यावरच्या भाकरीवरून आई पाण्याचा हात फिरवते, ती उलटते, मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर शेकायला लावते. भाकर टम्म फुगते. धुळ्याला जा, जळगावला जा, खानदेशात हे घरोघर दिसेल. आमच्याकडे पहिली भाकर दुरडीत पडली की घटकाभर सगळं थांबतं. पिठाने माखलेले हात तसेच जोडले जातात.

"आमची रोजची भाकर आज आम्हांस दे."

ही प्रभूची प्रार्थना, येशूने शिष्यांना शिकवलेली. कॅथलिक असोत, प्रोटेस्टंट असोत, ऑर्थोडॉक्स असोत, जगातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांची ही सामाईक प्रार्थना आहे. येशूच्या गालील प्रांतातली माणसंही जवाची नाहीतर गव्हाची चपटी भाकरच खात. त्यामुळे मराठी शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, 'भाकर' हा शब्द मला अगदी नेमका वाटतो. मराठी नवा करार 1811 साली छापून झाला, तोही लांब बंगालमधल्या श्रीरामपूरला, इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांच्या छापखान्यात. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं शास्त्र साध्या बायामाणसांना कळेल अशा मराठीत आणलं. अशा किती जणांच्या कष्टातून देवाचं वचन आमच्या चुलीपाशी आलं आहे.

या ओळीत मागणं आहे ते 'आज'चं. कणगीभर मागितलेलं नाही, वर्षाचं मागितलेलं नाही. आणि 'माझी' भाकर तर कुठेच नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं 'आमचं' आहे. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असं एकदा म्हटलं की शेजारच्या घरातल्या भुकेकडे पाठ फिरवता येत नाही, असं माझी आजी म्हणायची. आणि ती नुसतं म्हणायची नाही. तिच्या हयातीत आमच्या दुरडीत एक भाकर नेहमी जास्तीची असायची. कुणासाठी, ते संध्याकाळपर्यंत ठरलेलं नसायचं.

[रंगावली नदीचा पूल. तुरीची शेतं. टेकाडावरचं कौलारू मंदिर, आमचं चर्च.]

आम्ही मावची आदिवासी. घरात मावची बोलतो, बाजारात मराठी, आणि पलीकडे गुजरात असल्यामुळे गुजरातीही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडन आणि अमेरिकेतून मिशनरी पश्चिम खानदेशात आले. काहींनी शाळा काढल्या, काहींनी दवाखाने. चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय आजही या भागातल्या गरिबाला आपलं वाटतं. पण आमच्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे समुदाय, वाढल्या त्या इथल्याच माणसांच्या पायांवर. पाड्यापाड्याने हिंडणारे पाळक, म्हणजे पास्टर, इथले, ओसरीवर प्रार्थनासभा भरवणाऱ्या बाया इथल्या. उपासनेत आम्ही मराठी गीतं म्हणतो आणि ढोलावर मावची गाणीही. देव आमची भाषा समजतो, याबद्दल आमच्या पाड्यावर कुणाला कधी शंका आली नाही.

आमचा विश्वास काय, असं पाळकांना विचारलं तर ते विश्वासांगीकार म्हणून दाखवतील. आकाश व पृथ्वी निर्माण करणारा एकच देव. त्याचा पुत्र येशू ख्रिस्त, जो कुमारी मरियेपासून जन्मला, रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमलात वधस्तंभावर मेला, पुरला गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. पवित्र आत्मा, जो आजही माणसाच्या मनात काम करतो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे हे तीन देव नव्हेत, देव एकच. मग पापांची क्षमा, मेलेल्यांचं पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन. हे सगळं मी रविवारच्या शाळेत पाठ केलं होतं. मला ते कळलं मात्र प्रार्थनेतल्या पुढच्या ओळीमुळे.

"जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड."

[मुकादमाची वही. पानावर आकडे, नावांपुढे अंगठे.]

ऋण म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. पावसाळ्यात घरातलं धान्य संपत येतं तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळी झाली की ती फेडायला नवरा-बायकोची जोडी ऊसतोडीला गुजरातेत जाते, बारडोलीच्या बाजूला. आमच्याकडे या जोडीला कोयताच म्हणतात. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बायामाणसं डोक्यावर भांडीकुंडी, काखेत पोर घेऊन निघतात, ती शिमग्याच्या पुढेमागे परततात. तेव्हा वही उघडते आणि हिशेब होतो. पुष्कळदा महिनोन्‌महिने मोळ्या वाहूनही उचल फिटलेली नसते. बाकी पुढच्या साली.

येशूच्या बोलीभाषेत, म्हणजे अरामाईत, कर्ज आणि पाप या दोन्हींना एकच शब्द होता. हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ बाबांच्या नावापुढचा तो अंगठा आठवत बसले. येशूची एक गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. राजाच्या एका चाकराला दहा हजार तालांत देणं होतं. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. आता दहा हजारांचा हिशेब करून पाहा. असलं देणं कुठलाही कोयता जन्मभर राबून फेडू शकत नाही. चाकर पाया पडला आणि राजाने सगळं माफ केलं. तोच चाकर बाहेर पडला आणि शंभर दीनारांसाठी त्याने सोबत्याची नरडी धरली.

आमच्या विश्वासाचा गाभा या गोष्टीत आहे. माणूस पुण्य जोडून जोडून देवाचं देणं फेडत नाही. ते देवाने स्वतः, आपल्या पुत्राच्या मरणाने फेडलं. येशूचा प्रेषित पौल एका पत्रात लिहितो की आपल्याविरुद्धचं ऋणपत्र वधस्तंभाला खिळून रद्द केलं गेलं. यालाच आम्ही कृपा म्हणतो. ती कमावलेली नाही, मिळालेली आहे. आणि ज्याला ती मिळाली त्याचा हात दुसऱ्याच्या नरडीवर राहू शकत नाही.

हे बोलायला सोपं आहे. आमच्या घरात ते घडायला चार वर्षं लागली.

[शेताचा बांध. मोहाचं जुनं झाड.]

हे झाड बाबांच्या आणि काकांच्या शेतांमधल्या बांधावर आहे. आजोबा गेल्यावर वाटण्या झाल्या, आणि झाड कुणाचं यावरून दोघे भाऊ बोलायचे थांबले. आधी शब्दाला शब्द, मग एकदा काठ्या निघाल्या. त्या दिवशी जे बोललं गेलं ते मी इथे सांगणार नाही. दोघेही रविवारी मंदिरात यायचे. बाबा डाव्या बाजूला बसायचे, काका दाराशी.

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. पाळक भाकर मोडतात, ट्रेमध्ये द्राक्षरसाचे छोटे प्याले रांगेने फिरतात. येशूचं मोडलेलं शरीर आणि सांडलेलं रक्त यांची ती आठवण. पण शास्त्र असंही सांगतं की वेदीशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. बाबांनी हे मनाला लावून घेतलं. चार वर्षं ट्रे त्यांच्यापुढे आला की ते तो न घेता पुढे सरकवायचे. मी त्यांच्या शेजारीच बसायचे. पितळेच्या त्या ट्रेच्या काठावर त्यांचा अंगठा थोडा रेंगाळायचा, मग ट्रे पुढे जायचा. मी दहा-अकरा वर्षांची असेन. वडिलांना इतकं एकटं मी दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही.

चौथ्या वर्षी एका शनिवारी रात्री त्यांनी कंदील घेतला आणि न जेवता बाहेर पडले. मी मागोमाग गेले. काकांच्या अंगणात कुत्रं भुंकलं, काका बाहेर आले. बाबा थोरले. त्यांनी धाकट्या भावाचे हात धरले आणि म्हणाले, "माझं चुकलं." झाडाचं नावही काढलं नाही. काका काही वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "दादा, जेवला नसशील." काकूने आतून ताट आणलं. भाकर, तुरीचं वरण आणि लाल मिरचीचा ठेचा. दोघे एका ताटात जेवले. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार होता.

इथे एक गोष्ट मला ठामपणे सांगितली पाहिजे. क्षमा म्हणजे अन्याय गिळणं, असा अर्थ काही लोक काढतात. मार खाणाऱ्या बाईला 'क्षमा कर आणि गप्प बस' असं सांगितलेलं मी ऐकलं आहे, तेही मंडळीतच, आणि ते मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. क्षमा करणाऱ्याने मनातला सूड सोडायचा असतो. मारणाऱ्याचा हात मोकळा सोडायचा नसतो. आमच्या भगिनी मंडळातल्या बायांनी अशा एका घरी जाऊन पहिल्यांदा प्रार्थना केली, आणि उठताना त्या सुनेला लेकरांसह बरोबर घेऊन आल्या. दारूचंही तसंच. मंडळीपुढे उभं राहून साक्ष देताना पुरुष 'प्रभूने मला सोडवलं' म्हणतात, आणि मागच्या बाकावरची बायको मान हलवते. ती खरी साक्ष. घरात मीठमिरची वेळेवर येऊ लागली, हे तिलाच ठाऊक असतं.

[ऊसतोड मजुरांचा पडाव. पाचटाची खोपटी. रविवारची रात्र.]

तोडीच्या पडावात मंदिर नसतं, पाळक नसतो. दिवसभर मोळ्या वाहून माना अवघडलेल्या असतात. तरी रविवारी रात्री चार-पाच कुटुंबं एका खोपटापुढे जमतात. एकाच्या मोबाईलवर शास्त्र असतं, तो तेविसावं स्तोत्र वाचतो, परमेश्वर माझा मेंढपाळ आहे. नावं घेऊन प्रार्थना होते. गावाकडे राहिलेली म्हातारी, कोयता लागलेला पाय, पाचवीत शाळा सुटलेली मुलगी. माझ्या चुलतभावाने तिथेच वहीत रोजच्या मोळ्या लिहून ठेवायला सुरुवात केली. हिशेबाला बसला तेव्हा मुकादमाच्या वहीशेजारी त्याने आपली वही उघडली. ऋण सोडावं हे तो प्रार्थनेत म्हणतो, पण न घेतलेलं ऋण अंगावर घ्यावं असं शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

[पुन्हा पहाट. कबरस्तान. हातात मेणबत्त्या.]

पुनरुत्थानाचा रविवार मार्च-एप्रिलमध्ये येतो. तोवर बरीच कुटुंबं परतलेली असतात. अंधार असतानाच आम्ही कबरस्तानात जमतो. आदल्या दिवशी कबरींना चुना दिलेला असतो. येशूची कबर रिकामी सापडली तीही भल्या पहाटे, आणि ती आधी पाहिली बायांनी. म्हणून आमच्याकडे पहिलं गीत बायाच उचलतात. आजीच्या कबरीवर आई मेणबत्ती लावते. रडू येतं. मेलेले उठणार आहेत यावर विश्वास असला तरी येतं, आणि यायला हरकत नाही. येशूसुद्धा आपला मित्र लाजर याच्या कबरीपाशी रडला होता.

हेच दिवस मोहाची फुलं गळण्याचे. उपासना उरकून आम्ही तसेच बांधावर जातो. झाडाखाली रात्रभर पडलेल्या फुलांचा पिवळसर सडा असतो, हवेत तो जड, गोड वास. ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. आई एका बाजूने सुरू करते, काकू दुसऱ्या बाजूने. बाबा आणि काका आता वाकू शकत नाहीत, ते बांधावर बसून असतात. टोपल्या भरल्या की दोन्ही घरची फुलं एकाच गोणपाटावर वाळायला पसरतात.