बिनपट्ट्याचं इंजिन

(लातूर येथे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

लेकरांनो, 2019 च्या पावसाळ्यात चिकलठाण्याहून कृत्रिम पावसाचं विमान उडत होतं, हे तुम्हाला आठवत असेल. आमच्या केज तालुक्यात सोयाबीन माना टाकत होतं आणि माणसं आभाळाकडं कान लावून बसायची. त्याच काळात सोलापूरला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचा ढगांचा प्रयोग चालू होता. त्यासाठी आणलेली विमानं बीचक्राफ्टची बी-200, म्हणजे किंग एअर घराण्यातली. मूळ हे विमान बनलं कंपन्यांच्या साहेबांना बैठकीला नेण्यासाठी. ते आमच्या ढगांखाली घिरट्या घालायला कसं लायक ठरलं, ते आज सांगतो.

वॉल्टर आणि ऑलिव्ह अ‍ॅन बीच या नवराबायकोनं 1932 मध्ये अमेरिकेतल्या विचिटा गावी कंपनी काढली. 1950 मध्ये वॉल्टर गेले आणि बाईंनी कारभार हाती घेतला. 1958 मध्ये उडालेलं क्वीन एअर हे त्यांच्या काळातलं. अंगानं दणकट, दोन इंजिनांचं; पण इंजिनं पिस्टनची. त्यांची थरथर फार, आणि त्यांना विमानाचं खास पेट्रोल लागायचं.

तिकडे कॅनडात प्रॅट अँड व्हिटनी या इंजिन कंपनीची मोजकी माणसं एक लहान टर्बाइन इंजिन, म्हणजे तापलेल्या वायूच्या झोतानं चाक फिरवणारं इंजिन, घडवत होती, पीटी-6. ते पहिल्यांदा आभाळात गेलं 30 मे 1961 ला, बीचच्याच जुन्या मॉडेल 18 च्या नाकावर बसून. इथं मी जरा रेंगाळणार, कारण माझी उमर याच इंजिनाच्या देखभालीत गेली.

मळणीयंत्र बघितलंय ना? ट्रॅक्टर आणि यंत्र यांच्यामध्ये पट्टा असतो. पीटी-6 मध्ये तसा पट्टाच नाही. एक टर्बाइन हवा दाबणारा काँप्रेसर फिरवते, दुसरी गिअरमधून पुढचा पंखा फिरवते. दोघींना जोडणारा दांडा नाही, मध्ये फक्त तापलेला वायू. हँगरमध्ये पहिल्याच आठवड्यात मी बंद इंजिनाचा पंखा एका बोटानं ढकलला, तर तो गुमान फिरत राहिला. आत काहीतरी तुटलंय या भीतीनं मी हात मागं घेतला. आमच्या उस्तादांनी तेव्हा हे समजावलं. शिवाय हवा या इंजिनात मागच्या बाजूनं शिरते, पुढं सरकते आणि पंख्याजवळच्या दोन नळ्यांतून बाहेर पडते. त्यामुळं तपासणीला बोल्ट काढून पुढचा भाग वेगळा करता येतो, मागचा विमानाच्या पंखावरच राहतो. उन्हात काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

मे 1963 मध्ये अमेरिकी सैन्यासाठी क्वीन एअरला हीच इंजिनं लावून बघितली. मग प्रवाशांसाठी आतल्या हवेचा दाब राखणारी केबिन आली आणि जानेवारी 1964 मध्ये किंग एअर 90 उडालं. त्या काळात गाजावाजा झाला तो लियरजेट या छोट्या जेट विमानाचा. माझ्या मते जास्त समंजस यंत्र किंग एअर. धाराशिवसारख्या छोट्या धावपट्टीवर ते उतरतं आणि खालच्या उंचीवर जेटसारखं इंधन पीत नाही.

27 ऑक्टोबर 1972 ला मॉडेल 200 उडालं, सोलापूरच्या बी-200 चं मूळ. 850 अश्वशक्तीची दोन इंजिनं, आणि इंग्रजी टी सारखी उंच शेपटी. पंख्यांच्या वाऱ्याचा तडाखा तिला बसू नये म्हणून.

ढगांच्या कामाला नेमकं हेच लागतं. ढगाच्या तळाशी वर चढणारा वारा शोधत तासन् तास सावकाश फिरायचं, तो सापडला की पंखाच्या मागच्या कडेची क्षारांची नळकांडी पेटवायची. धूर वाऱ्यासोबत ढगात ओढला जातो. त्यानं पाऊस किती वाढतो, याचा हिशेब शास्त्रज्ञ मांडतील. सोलापूरला उतरलेल्या एका विमानाजवळ मी उभा होतो. जळालेली नळकांडी काळी पडली होती, पंखाच्या कडेला काजळी होती. दोन पोरं फडक्यानं ती पुसत होती, आणि तिसरा नवी नळकांडी बसवत होता.