वाऱ्याकडे पाठ, वादळाकडे डावा हात

श्रोतेहो, नमस्कार.

वादळ येणार असल्याचे आता आपल्याला दोन-तीन दिवस आधीच कळते. वेधशाळा सांगते, आकाशवाणी सांगते आणि मोबाइल तर नको म्हटले तरी सांगत राहतो. खरी अडचण होते ती वादळ दारात आल्यावर, कारण नेमकी त्याच वेळी वीज जाते, थोड्या वेळाने टॉवरची बॅटरी संपून मोबाइलही मुका होतो, आणि आदल्या रात्रीपर्यंत ज्याची घडीघडीची खबर मिळत होती ते वादळ आता जवळ येत आहे की दूर जात आहे, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. वीज नसलेल्या घरात बसून वादळाचा ठावठिकाणा कसा ओळखावा, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

16 मे 2021चा रविवार आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. कोरोनाची दुसरी लाट होती, संचारबंदी होती, आणि तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला समांतर, समुद्रातूनच उत्तरेकडे सरकत होते. ते गोव्याच्या जमिनीवर आलेच नाही. दुसऱ्या दिवशी, म्हणजे 17 मेच्या रात्री, ते सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीव आणि उना यांच्या मधल्या पट्ट्यात धडकले. तरीही आपल्याकडे झाडे उन्मळली, विजेचे खांब वाकले, काही गावे कित्येक दिवस अंधारात राहिली, आणि पाण्याचे पंपही विजेवरच चालत असल्यामुळे नळ कोरडे पडले. घरात पाणी कसे भरून ठेवावे, मेणबत्त्या कुठे ठेवाव्यात, फ्रीजमधील मासळीचे काय करावे, हे मी आपल्याला सांगायला नको. गोव्यातील घर जून लागण्याआधी तयारच असते.

आमचे घर उत्तर गोव्यातील बार्देश तालुक्यात, मंगळुरी कौलांचे, पुढे सोपा आणि मागे परसू असलेले. त्या दिवशी सकाळी वीज गेली तेव्हा घरात मी, माझे यजमान, नववीत शिकणारा आमचा मुलगा आणि सासूबाई असे चौघे होतो. सासूबाई पश्चिमेकडच्या खोलीत खाटेवर. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना हलवायचे म्हणजे दोघांनी धरावे लागते. वारा आग्नेयेकडून येत होता, म्हणून स्वयंपाकघराचे दार आम्ही अडसर घालून आणि मागे तांदळाचा डबा लावून घट्ट केले होते. मुलाच्या मोबाइलला रेंज नव्हती, आणि ‘वादळ कुठे पोचले असेल?’ हा एकच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारत होता.

नऊच्या सुमारास आमचे शेजारी कुंपणातून आत आले. हे गृहस्थ तारवटी. सगळी उमर मालवाहू बोटींवर काढून निवृत्त झालेले. मुले त्यांना अंकल म्हणतात, सासूबाई मात्र तोंडावरसुद्धा ‘तारवटी’च म्हणतात, आणि त्यांना त्याचा राग नाही. संचारबंदीचा नियम पाळून ते सोप्याच्या खालच्या पायरीवरच उभे राहिले. तोंडावरचा मास्क वाऱ्याने दर मिनिटाला डोळ्यांवर जात होता आणि ते तो दर मिनिटाला शांतपणे खाली ओढत होते. मुलाचा प्रश्न त्यांनी ऐकला आणि त्याला म्हणाले, ‘बाबा, वाऱ्याक फाट दी.’

मुलाने वाऱ्याकडे पाठ केली. अंकल म्हणाले, आता डावा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाजूला कर, आणि मग थोडा पुढे घे. हात जिकडे गेला, तिकडे वादळाचे केंद्र. आमच्या मुलाचा हात आमच्या विहिरीच्या दिशेने, म्हणजे पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला गेला. अंकलनी चुलीतला कोळसा मागितला आणि त्या दिशेची एक रेघ सोप्याच्या सिमेंटवर मुलाकडून ओढून घेतली. शेजारी वेळ लिहायला लावली. सोपा मी आदल्याच दिवशी धुतला होता, पण त्या वेळी ते बोलून काही उपयोग नव्हता.

मी त्यांना विचारले की अंगणात वारा तर चहूकडून घोंगावतो आहे, मग पाठ नेमकी कुठे करायची. त्यांनी सांगितले की माडांकडे पाहायचे नाही, घरांच्या आणि झाडांच्या आडोशाने वारा फिरतो. वर आकाशात पाहायचे, सर्वांत खालच्या थरातले ढग कुठून कुठे पळत आहेत ते बघायचे आणि त्यांच्या येण्याच्या दिशेला पाठ करायची.

दुपारी बाराच्या सुमारास ते पुन्हा आले. वारा आता सरळ दक्षिणेकडून येत होता. मुलगा पुन्हा उभा राहिला, पुन्हा पाठ, पुन्हा डावा हात, आणि दुसरी रेघ तुळशीवृंदावनाच्या पलीकडे, पश्चिमेच्या थोडी उत्तरेला गेली. दोन रेघांमधली जागा अंकलनी चपलेच्या टोकाने दाखवली आणि म्हणाले, रेघ सरकते आहे, म्हणजे वादळ आपल्या अंगावर येत नाही, बाजूने वर चालले आहे. रेघ एकाच जागी राहिली असती आणि वारा वाढत गेला असता, तर वादळ सरळ आपल्याकडेच येते आहे असे समजून त्यांनी आम्हांला केव्हाच पक्क्या स्लॅबच्या घरात नेले असते.

एवढे बोलून ते थांबले नाहीत. त्यांनी सांगितले की वारा आग्नेयेकडून दक्षिणेला आला, आता तो संध्याकाळपर्यंत नैऋत्येला येणार; तेव्हा स्वयंपाकघराची काळजी सोडा आणि पश्चिमेच्या खोलीतून आईला हलवा. सासूबाईंना हे मुळीच पसंत पडले नाही. आयुष्यभर त्या खोलीत निजल्या आहेत, ऐंशीच्या वर पावसाळे पाहिले आहेत, आणि आता तारवट्याने हात वर केला म्हणून खाट हलवायची, असे त्यांनी स्पष्ट ऐकवले. शेवटी यजमानांनी आणि मी त्यांना धरून देवघरासमोरच्या मधल्या खोलीत आणले, मागून खाट आणली, आणि त्या रागाने पेजेला शिवल्या नाहीत.

संध्याकाळी वारा खरोखरच नैऋत्येकडून आला. पश्चिमेच्या पाख्यावरची कौले आधी खडखडली, मग पाच-सहा एकापाठोपाठ निसटून परसात फुटली, आणि खाट जिथे होती नेमकी तिथे पावसाची धार लागली. मुलाने तोपर्यंत तिसरी रेघ वायव्येकडे ओढली होती. अंकल घमेले घेऊन मदतीला आले, तेव्हा सासूबाईंनी मधल्या खोलीतूनच विचारले, ‘तारवट्या, तुझा हात एवढे सांगतो, तर लाइट केव्हा येणार तेही विचार त्याला.’ ते म्हणाले, ‘माय, ते लायनमनच्या हातात.’

श्रोतेहो, अंकलनी सांगितलेली गोष्ट हा काही चमत्कार नाही. नेदरलँड्समधील हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी 1857 मध्ये हा नियम मांडला आणि तेव्हापासून जगभरचे खलाशी तो शिकत आले आहेत. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती, म्हणजे वादळाच्या केंद्राभोवती, वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून वाऱ्याकडे पाठ केली की केंद्र डावीकडे येते. जमिनीच्या घर्षणाने वारा थोडा आत, केंद्राकडे वळतो, म्हणून हात थोडा पुढे घ्यायचा. पुन्हा सांगते: वाऱ्याकडे पाठ, डावा हात बाजूला, आणि थोडा पुढे. तौक्ते उत्तरेकडे जात होते आणि आपण त्याच्या उजव्या अंगाला होतो. त्या बाजूला वाऱ्याच्या वेगात वादळाचा स्वतःचा वेग मिसळतो, त्यामुळे केंद्र समुद्रात असूनही आपली झाडे पडली. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो, हेही लक्षात असू द्यावे.

आमच्या शाळांमध्ये मुले नैऋत्य मोसमी वाऱ्यांवर पानभर उत्तर लिहितात, पण आपल्या घराची नैऋत्य बाजू कोणती असे विचारले तर मोबाइलमधील होकायंत्र शोधू लागतात, याचे मला नेहमीच आश्चर्य वाटते. आणि विषय निघालाच आहे म्हणून सांगते, कौलांच्या छपरावर पावसाळ्यासाठी म्हणून जे निळे पत्रे चढवतात, ते माझ्या मते घराला शोभत नाहीत आणि धडपणे बांधलेले नसले तर वादळात कौलांपेक्षा जास्त घातक ठरतात. उडालेले कौल फार तर परसात पडते, उडालेला पत्रा शेजाऱ्याच्या गळ्यापर्यंत जातो.

रेघ सरकत नाही आणि वारा वाढतो आहे, अशा वेळी एक गोष्ट विसरू नये. केंद्र डोक्यावर आले तर वारा एकाएकी पडतो, कधी आकाशही उघडते, आणि लोक नुकसान पाहायला बाहेर येतात. तो वादळाचा डोळा असतो. तो सरकला की वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. म्हणून वारा हळूहळू कमी झाला तर बाहेर पडावे, एकदम थांबला तर आतच राहावे.

बाहेर पडल्यावर तुटलेली तार दिसली, तर वीज गेलेली असली तरी ती जिवंत आहे असेच समजावे, कारण दुरुस्ती चालू असताना प्रवाह केव्हा सुटेल हे आपल्याला ठाऊक नसते. वीजखात्याला कळवावे आणि कोणीतरी दूर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवावे. ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी तो घराबाहेर, मोकळ्या हवेत चालवावा, आणि घराच्या वायरिंगला जोडायचा असेल तर वायरमनकडून चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी बाहेरची लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच, बसवून घेतल्याशिवाय जोडू नये. तसे केले नाही, तर आपल्या घरातील वीज उलटी बाहेर जाऊन ट्रान्सफॉर्मरमधून चढत्या दाबाने लाइनवर पोचते, आणि त्या लाइनवर त्या वेळी लायनमन काम करत असतो.

नमस्कार.