शंभर टक्के होईपर्यंत थांबा

नमस्कार मंडळी! आज मला एका व्हिडिओ गेमबद्दल बोलायचंय, आणि तो पण नवा नाही बरं का, १९९३ सालचा. नाव ‘सीक्रेट ऑफ मॅना’. जपानच्या स्क्वेअर कंपनीने सुपर निंटेंडो नावाच्या, टीव्हीला जोडायच्या मशीनसाठी काढलेला, ६ ऑगस्ट १९९३ ला जपानमध्ये आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत पण पोचला. मी तो आत्ता, या वर्षी, पहिल्यांदा खेळले, बहिणीच्या दोन मुलांना शेजारी बसवून, आणि तेव्हापासून भेटेल त्याला सांगतेय की हा खेळून बघा, म्हणून म्हटलं रेडिओवरच सांगावं.

आता आपल्याकडे त्या काळात हा का नाही आला ते थोडक्यात सांगते. नव्वदच्या दशकात आपल्या घरांमध्ये टीव्हीला जोडायचा जो गेम असायचा तो बहुतेक निंटेंडोच्या जुन्या आठ बिटच्या मशीनची नक्कल असायचा, त्यात कॅसेट घालायची, एका कॅसेटमध्ये म्हणे हजारो गेम, प्रत्यक्षात मारिओ, कॉन्ट्रा, ते बदकं मारायचं आणि अजून थोडेफार. बसायचं, खेळायचं, मशीन बंद केली की परत पहिल्यापासून. सेव्ह करून ठेवायचं आणि महिनाभर एकच गोष्ट पुढे नेत राहायची, भरपूर इंग्लिश संवाद वाचायचे, असा गेम त्या कॅसेटींमधून आपल्यापर्यंत पोचलाच नाही. त्यामुळे आपल्यातले कितीतरी जण गेम खेळत मोठे झाले पण हा प्रकार मात्र त्यांच्या वाट्याला आलाच नाही. म्हणूनच तिशी-चाळिशीत तो पहिल्यांदा खेळायला मजा येते, कारण जुन्या आठवणींचा चष्मा डोळ्यावर नसतो, गेम जसा आहे तसा दिसतो.

सुरुवात कशी होते बघा. मशीन चालू केली की अंधारातून एक लांब, खोल हाक ऐकू येते, व्हेल माशाने घातल्यासारखी, आणि मग पियानोची सुरावट सुरू होते, समोर एक प्रचंड मोठं झाड, त्यासमोरून पक्ष्यांचा थवा जातो. मुलांनी लगेच बटण दाबायला घेतलं होतं, मी म्हटलं थांबा, हे पूर्ण ऐकू. हे संगीत हिरोकी किकुता यांचं, गेमला त्यांनी दिलेलं हे पहिलंच संगीत. आता तुम्ही म्हणाल पहिलंच काम तर त्यात काय एवढं, पण त्या मशीनची साउंडची मेमरी होती फक्त ६४ किलोबाइट, आज आपण व्हॉट्सअॅपवर ‘गुड मॉर्निंग’चा जो फोटो पाठवतो तो सुद्धा याहून मोठा असतो, आणि एका वेळी वाजू शकणारे आवाज फक्त ८, त्यातच गाणं पण आलं आणि तलवारीचा खणखणाट पण आला. किकुतांनी तयार वाद्यांचे आवाज न घेता स्वतः आवाज बनवले, त्या ६४ किलोबाइटमध्ये बसतील असे. हेडफोन लावून ऐका एकदा, तीस वर्षं उलटून गेलीयत असं वाटतच नाही.

मग गोष्ट सुरू होते. पोटोस नावाचं छोटं गाव, तिथला एक अनाथ मुलगा दोन मित्रांबरोबर धबधब्याकडे जातो, ओंडक्यावरून पाय घसरून खाली पडतो, आणि खाली पाण्यात दगडात रुतलेली एक गंजकी तलवार असते. घरी जायच्या वाटेवर गवत माजलंय, ते कापायला काहीतरी हवं, म्हणून तो ती उपसतो. झालं! त्या तलवारीमुळे इतके दिवस गावाजवळ न फिरकणारे राक्षस येतात, आणि गाव त्याला म्हणतं तू इथून जा. ज्या गावप्रमुखाने त्याला लहानाचं मोठं केलं त्यालाच हे सांगावं लागतं. माझी भाची बारा वर्षांची आहे, ती एकदम म्हणाली, ‘मावशी, पण त्याने मुद्दाम नाही ना केलं!’ आणि बराच वेळ ती त्या गावकऱ्यांवर चिडलेलीच होती. अर्धा तासही झाला नसेल खेळायला लागून आणि गेमने पोरीला आपल्या बाजूला ओढून घेतलं होतं, आणि ते पण चार-पाच ओळींच्या संवादांवर.

संवाद तेवढेच का, त्यालाही कारण आहे. हा गेम आधी सीडीसाठी बनत होता. निंटेंडो आणि सोनी मिळून सुपर निंटेंडोला सीडी ड्राइव्ह जोडणार होते, ते फिसकटलं, आणि सोनीने पुढे स्वतःचं प्लेस्टेशन काढलं ती गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. पण इकडे स्क्वेअरच्या लोकांवर काय वेळ आली असेल, सीडीच्या हिशोबाने मांडलेला सगळा पसारा १६ मेगाबिटच्या, म्हणजे जेमतेम २ मेगाबाइटच्या कॅसेटमध्ये कोंबायचा! बरंच काही कापावं लागलं. त्यात इंग्लिश भाषांतर करणारे टेड वूल्सी यांना जवळपास एक महिनाच मिळाला, आणि स्क्रीनवर अक्षरांना जागा थोडी. खेळताना हे जाणवतं, खोटं कशाला बोलू, मध्येच एखादं पात्र येतं, दोन वाक्यं बोलतं आणि जातं, आणि तुम्हाला वाटतं अरे याचं पुढे काय झालं. पण मला तरी ते आवडलं, कारण उरलेलं आपण भरून काढतो, आणि लहान मुलं तर फारच छान भरून काढतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते, लढाई. त्या काळच्या बऱ्याच रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखादं पात्र होऊन लांब गोष्ट खेळायची अशा गेममध्ये, लढाई म्हणजे यादीतून निवडायचं, मार, जादू, पळ, आणि मग आपली पाळी यायची वाट बघायची. इथे तसं नाही, इथे तलवार आपणच फिरवायची, म्हणून याला ‘अॅक्शन’ म्हणायचं. पण एकदा वार केला की स्क्रीनच्या खाली एक आकडा दिसतो, टक्क्यांमध्ये, तो वारानंतर खाली जातो आणि भराभर चढत परत १०० ला येतो, दोनेक सेकंद लागतात. १०० व्हायच्या आत परत मारलं तर तो वार अगदीच फुसका. धावलात तरी तो आकडा उतरतो. फास्ट बॉलरला कसं प्रत्येक बॉलनंतर परत रनअपच्या खुणेपर्यंत चालत जावंच लागतं, तसंच. कॉन्ट्रावर वाढलेल्या माणसाचा अंगठा बटणावर सारखा टकटक करत असतो, त्याला पहिले काही तास हे फार जड जातं, आणि मला वाटतं बहुतेक लोक इथेच हा गेम सोडून देतात, की कंट्रोल ढिले आहेत, जुना आहे म्हणून. तसं नाहीये हो! त्या दोन सेकंदांत करायचंय काय, तर समोरच्याकडे बघायचं. तो कुठून येतोय, उडी मारणार आहे का, आपण कुठे सरकायचं. पहिल्या मैदानात रॅबाइट नावाचा ससा असतो, पिवळा, कान मोठे, टुणटुण उड्या मारत येतो, नुसता गोड दिसतो. माझा भाचा त्याच्या अंगावर धावत गेला, सटासट बटणं दाबली, आणि ससा त्यालाच चावून गेला. मग बहिणीने त्याला आकडा दाखवला, त्याने एक वार केला, मागे सरकला, मनात ‘नव्वद, शंभर’ म्हणाला, ससा उडीतून खाली आला त्याच क्षणी दुसरा वार. मेला ससा! त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता ना, तो बटणं बडवून जिंकल्याचा नव्हता, त्याला कळलं होतं की आपण का जिंकलो.

आणि खरी परीक्षा पुढे आहे, जादूगारणीच्या वाड्यातला वाघ. तोपर्यंत तुमच्याकडे जादू काहीच नसते, ती नंतर मिळते, आणि औषध म्हणून गोळ्या-चॉकलेटं असतात ती सुद्धा प्रत्येक प्रकारची जास्तीत जास्त ४ च बाळगता येतात. तो वाघ गोळा होऊन गरगरत येतो, बाजूच्या कठड्यावर जाऊन बसतो, तिथे हात पोचत नाही. आम्ही हरलो, परत गेलो, परत हरलो. शेवटी भाचीने ठरवलं की तो कठड्यावर गेला की कुणी काही करायचं नाही, तिघांनी पांगून उभं राहायचं, खाली आला की ज्याचा आकडा शंभर असेल त्यानेच मारायचं. मी त्या पोरांना एवढं शांत बसलेलं कधीच बघितलं नव्हतं, खोलीत फक्त ‘माझा शंभर, माझा शंभर’ एवढाच आवाज.

हो, तिघं खेळू शकतात, हे तर सांगायचंच राहत होतं! मुलगा, मग भेटणारी मुलगी, आणि एक जंगलातलं पिटुकलं पोर, अशी तीन पात्रं, आणि तिघांचे रिमोट वेगळे. सुपर निंटेंडोला रिमोटच्या जागा दोनच, त्यामुळे तेव्हा मल्टिटॅप नावाचा वेगळा डबा जोडावा लागायचा. मुलगी बरं करायची जादू करते, ते पिटुकलं मारायची जादू करतं, आणि मुलाला जादू येत नाही, फक्त हत्यारं. हत्यारं ८ प्रकारची, तलवार, कुऱ्हाड, भाला, चाबूक, धनुष्यबाण वगैरे, कुणीही कुठलंही घ्यावं, आणि जे जास्त वापराल त्यात हात बसत जातो. ती नुसती मारायला नाहीत, कुऱ्हाडीने वाटेतले खडक फुटतात, चाबूक खुंट्याला अडकवून दरी ओलांडता येते. आणि वस्तू, हत्यार, जादू निवडायला पात्राच्या भोवती गोल कडं उमटतं, छोटी छोटी चित्रं त्या कड्यात फिरतात, पाहिजे ते समोर आणायचं आणि बटण दाबायचं. वेगळा मेनू नाही, स्क्रीन बदलत नाही, लढाई जिथल्या तिथे थांबते. तिघांत खेळताना एकाने कडं उघडलं की सगळे थांबतात, त्यावरून भांडणं होतात, ‘अगं मी मारतच होतो!’ ‘अरे तू मरत होतास, मी गोळी काढत होते!’ असं चालू असतं.

कुरकुर करायच्या जागा पण आहेत. तुम्ही एकटेच खेळत असाल तर बाकीच्या दोघांना गेम चालवतो, आणि ते झाडामागे, भिंतीच्या कोपऱ्यात अडकतात, आणि तिघं एकाच स्क्रीनवर राहायला हवेत असा नियम असल्यामुळे तुम्हीही पुढे जाऊ शकत नाही, मग मागे जाऊन त्यांना सोडवून आणायचं. आणि जादू मिळाली की मोठ्या राक्षसावर ती एकामागून एक लावता येते, त्याला हलायलाच मिळत नाही, लढाई संपते पण मजा जाते. आमच्या घरी म्हणून नियम केलाय की सलग जादू मारायची नाही. तुम्ही पण करा, वाघ जिंकल्यावर जे शिकलात ते वाया कशाला घालवायचं.

या गेमची माणसं पण काय काय होती बघा. कल्पना आणि दिग्दर्शन कोइची इशी यांचं, निर्माते हिरोमिची तानाका, आणि मुख्य प्रोग्रामर नासिर गेबेली, जन्माने इराणचे, अमेरिकेत राहणारे, अॅपल टू या जुन्या कॉम्प्युटरच्या काळापासून नाव कमावलेले, स्क्वेअरच्याच ‘फायनल फँटसी’ या गेम मालिकेतले पहिले तीन पण त्यांनीच प्रोग्राम केलेले. डब्यावरचं चित्र हिरो इसोनो यांचं, ते जंगलं रंगवणारे चित्रकार, प्रचंड झाडाच्या बुंध्याशी ती तीन पोरं एवढीशी दिसतात. मला ते चित्र फार आवडतं, कारण गेममध्ये पण जगासमोर तुम्ही तेवढेच लहान असता. एके ठिकाणी जंगलाचे चार भाग आहेत, एकात वसंत, एकात उन्हाळा, एकात पानगळ, एकात बर्फ, आणि ऋतू ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने चाललात तर पुढची वाट सापडते. भाचा कागदावर नकाशा काढून बसला होता, आणि त्याला मीच काय, त्याच्या आईने पण काही सांगितलं नाही, सापडू दे त्याचं त्याला. मग पुढे फ्लॅमी नावाचा पांढरा उडणारा प्राणी मिळतो, ढोल वाजवला की येतो, आणि इतके दिवस पायी तुडवलेली सगळी जमीन खाली गरगर फिरताना दिसते. तेव्हा मुलं ओरडली होती, ‘ते बघ पोटोस!’

आता खेळायचा कुठे. २०१८ मध्ये नव्या थ्री-डी चित्रांची आवृत्ती आली, ती मी पहिल्यांदा खेळणाऱ्याला सुचवणार नाही, जुन्या ठिपक्या-ठिपक्यांच्या चित्रांत जे आहे ते तिथे नाही. फोनवर पण आहे, पण बोटाने काचेवर ती दोन सेकंदांची लय जमत नाही. निंटेंडो स्विचवर ‘कलेक्शन ऑफ मॅना’ आहे, २०१९ पासून इंग्लिशमध्ये मिळतं, त्यात हा मूळ गेम जसाच्या तसा आहे, आणि तीन रिमोट जोडता येतात, मल्टिटॅप शोधत फिरायला नको. गावात खानावळ दिसली की आधी तिथे झोपा आणि सेव्ह करा. वाटेत नेको नावाचं मांजर दुकान मांडून बसलेलं दिसेल, ते दुप्पट भाव लावतं, तरी गोळ्या संपल्या असतील तर घ्या, कारण बऱ्याचदा त्याच्या पुढच्याच दारामागे काहीतरी मोठं बसलेलं असतं. आणि शेवट मी सांगणार नाही, आमचा अजून व्हायचाय, मुलांची परीक्षा संपली की. नमस्कार!