पिशवीचा खोटा तळ

नमस्कार श्रोतेहो. आफ्रिकेतले भाडोत्री सैनिक म्हटलं की काँगो, अंगोला, बियाफ्रा ही नावं आधी आठवतात. आज मात्र मी सेशेल्सबद्दल, हिंदी महासागरातल्या एका छोट्या बेटांच्या देशाबद्दल बोलणार आहे. हा धंदा कुठे फसतो हे तिथे फार स्पष्ट दिसतं, आणि त्या फसण्याचा एक धागा थेट मुंबईला येऊन पोचतो.

25 नोव्हेंबर 1981. स्वाझीलँडहून, म्हणजे आजच्या एस्वातिनीहून, रॉयल स्वाझी या विमान कंपनीचं एक छोटं फॉकर विमान सेशेल्सच्या माहे बेटावर उतरलं. त्यात चाळीसहून अधिक पुरुष होते. सांगायला बिअर पिणाऱ्यांची एक मंडळी, नाव ‘एन्शंट ऑर्डर ऑफ फ्रॉथ ब्लोअर्स’. म्हणजे ग्लासवरचा फेस फुंकणाऱ्यांचा प्राचीन संघ! या नावाची संस्था 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये खरोखर होती आणि मुलांसाठी देणग्या गोळा करायची. म्हणून या मंडळींच्या पिशव्यांत वर खेळणी, आणि खाली खोटा तळ करून त्यात एके-47.

खेळणी फक्त दाखवायला नव्हती. रायफल रिकामी असली तरी चार किलोच्या आसपास भरते. तिच्यावर कपडे, बूट ठासले तर पिशवी उचलतानाच हमालाच्या लक्षात येईल. खेळणी जागा खातात, वजन वाढवत नाहीत. हिशेब चोख होता.

म्होरक्या होता माइक होअर. जन्म कलकत्त्याचा, 1919 चा. 1964-65 मध्ये काँगोत पंतप्रधान चोम्बे यांच्या सरकारसाठी त्यानं ‘5 कमांडो’ हे भाडोत्री पथक चालवलं, नाव तिथेच झालं. आता काम होतं सेशेल्सचे अध्यक्ष फ्रान्स-अल्बर्ट रेने यांना हटवून माजी अध्यक्ष जेम्स मँकम यांना परत खुर्चीवर बसवायचं. रेने यांनी मँकमना जून 1977 मध्ये उठावानंच घालवलं होतं.

बेत असा, की विमानतळावर काहीच करायचं नाही. पर्यटकांसारखं हॉटेलात उतरायचं आणि वेळ आली की उठायचं. काही माणसं आधीच बेटावर येऊन राहिली होती. जवळपास सगळे कस्टम्समधून सुटले, आणि शेवटी-शेवटी एकाच्या पिशवीत कस्टम्सवाल्याच्या हाताला काहीतरी लागलं. बंदूक बाहेर आली आणि हॉटेलचा बेत तिथेच संपला.

इथे जरा थांबू या. याला नुसतं नशीब म्हणणं मला पटत नाही. माणूस आणि हत्यार एकाच विमानानं, एकाच रांगेतून नेलं, की एक पिशवी उघडली म्हणजे सगळ्यांच्याच उघडल्या. हत्यारं आधी बोटीनं उतरवून ठेवायला पैसा लागतो, वेळ लागतो, किनाऱ्यावर भरवशाचा माणूस लागतो. आणि हे सगळं मागे खूण ठेवतं. भाडोत्री माणूस घेतातच कशासाठी? उद्या कुणी विचारलं तर ‘आमचा काही संबंध नाही’ म्हणता यावं म्हणून. या टोळीला हत्यारं दक्षिण आफ्रिकेच्या लष्कराकडून मिळाली होती, त्या देशाच्या गुप्तचर खात्याचा एक अधिकारीही बेटावर होता. पण संबंध नाकारायचा, तर मदतीला जहाज पाठवता येत नाही आणि न्यायला दुसरं विमानही.

गोळीबार सुरू झाला. होअरच्या माणसांनी विमानतळ आणि कंट्रोल टॉवर घेतला, पण जवळची लष्करी छावणी त्यांना घेता आली नाही. ती हातची गेल्यावर विमानतळ असून नसल्यासारखाच. त्यांचा स्वतःचा एक माणूस आपल्याच बाजूच्या गोळीनं मेला. सेशेल्सचा एक अधिकारीही मारला गेला.

अशात रात्री एअर इंडियाचं बोइंग 707 आलं. उड्डाण 224, झिम्बाब्वेतल्या सॉल्सबरीहून, म्हणजे आजच्या हरारेहून, माहेमार्गे मुंबईला. कॅप्टन उमेश सक्सेना. खाली काय चाललंय याची कल्पना नसताना त्यांनी विमान उतरवलं. धावपट्टीवर गाड्यांचे अडथळे होते. एकाला घासून पंखाच्या फ्लॅपचं नुकसान झालं. होअरला मात्र घरी जायची गाडी मिळाली. आपल्या मेलेल्या माणसासकट टोळी विमानात चढली. माहेहून मुंबई साधारण 3200 किलोमीटर, ईशान्येला. विमान गेलं नैर्ऋत्येला, दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानला, साधारण 3800 किलोमीटर. 26 च्या सकाळी प्रवासी सुखरूप सुटले. बेटावर सातजण मागे राहिले आणि पकडले गेले, त्यात एक बाई. पुढे त्यांतल्या चौघांना फाशीची शिक्षा झाली, पण ती अमलात आली नाही. 1983 मध्ये सोडून दिलं.

दक्षिण आफ्रिकेनं आधी काय केलं असेल? पाचजणांवर अपहरणाचा आरोप ठेवला आणि 39 जणांना सरळ घरी धाडलं. बाहेरून दबाव आला, तेव्हा पीटरमारिट्झबर्गला 43 जणांवर खटला उभा राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनंही डिसेंबरमध्ये ठराव 496 करून चौकशी आयोग नेमला होता.

आता कायद्याची गंमत ऐका. युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पूरक करारात, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, कलम 47 मध्ये, भाडोत्री कोण याच्या सहा अटी आहेत. लढण्यासाठीच भरती झालेला असावा, प्रत्यक्ष लढलेला असावा, मुख्य हेतू पैसा असावा, लढणाऱ्या देशाचा नागरिक नसावा, वगैरे. सहाही एकदम लागू पडाव्या लागतात. एक निसटली की माणूस निसटला. हेतू पैशाचाच होता हे सिद्ध करायचं कसं, तेवढं कुणी सांगावं. पीटरमारिट्झबर्गला तो प्रश्नच आला नाही. 1982 च्या जुलैमध्ये 42 जण दोषी ठरले, होअरला दहा वर्षांची शिक्षा झाली, त्यातली तीनेक वर्षं भोगून तो 1985 मध्ये सुटला. सेशेल्सवर चालून जाणं हा त्या खटल्यात गुन्हाच नव्हता. ही शिक्षा झाली ती मुंबईचं विमान पळवल्याबद्दल.